गुपचूप दुरुस्त केलेला तास

ज्या वर्षी कझाख रीतीप्रमाणे रौशनच्या भाच्याच्या पायांना बांधलेली दोरी कापून त्याला पहिली पावले टाकायला लावली, त्याच वर्षी एक मार्चला देशभर एकच वेळ ठरली आणि अल्माटीची घड्याळे एक तास मागे गेली.

रौशनच्या गटात तिघेच: ती, तिच्याच वयाचा दियास आणि साठीचे प्रमुख तोलेगेन अगा, म्हणजे थोरले दादा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना घरून दवाखान्यात नेणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांचा प्रोग्राम ठरवी. आदल्या दिवशी, गुरुवारी, जुना कोड चाळताना रौशनला दिसले की जागतिक प्रमाणवेळेपासून शहराच्या वेळेचा सहा तासांचा फरक अगांनी पूर्वी हाताने लिहून ठेवला होता. आता तिथे पाच हवे होते. अगा विसरले होते. तसेच राहिले असते तर गाड्या तासभर आधी जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

विचारावे का? काम आपल्याच गटाचे, बदल एका आकड्याचा, चुकला तर लगेच उलटवता येणारा. मग परवानगी कशाला? तिने पाच केले. सांगितले मात्र नाही. सांगायचे म्हणजे चहाला बसल्यावर, दियासच्या देखत, वडीलधाऱ्या माणसाची चूक काढायची. ते तिच्या जिभेवर येईना.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. गाड्या तासभर उशिरा पोचल्या होत्या. सत्तरीच्या रुग्ण बातिमा अपा घराच्या फाटकाशी बर्फात ताटकळल्या आणि रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावरचे त्यांचे चार तास तीनवर आले.

"मी तर कालच पाच केले होते!" रौशन म्हणाली.

दियासचा चेहरा उतरला. "अगं, गाड्या लवकर जाऊ नयेत म्हणून मी चालकांच्या यादीत एक तास वाढवला. काल दुपारी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललीस?"

अगा दोघांकडे वळले. "म्हणजे माझी अब्रू राखायला दोघं धावलात, आणि गारठली ती म्हातारी."

"अगा, तुम्हाला वाईट वाटलं असतं—"

"मी काय चिनी मातीचा पेला आहे, तडकायला? कान लाल झाले असते, एक चहा जास्त प्यालो असतो. पोरी, हात घातलास ते बरोबर केलंस. हात घातला हे सांगायचं कुणी?"

दियासने वाढवलेला तास काढला. रौशन दुपारी दवाखान्यात गेली.

"तुझी गाडी झोपली होती का गं?" बातिमा अपा हसल्या. मग त्यांनी पायमोजा खाली सरकवला. घोटा सुजला होता. "तो एक तास इथं पाणी होऊन उतरलाय बघ."

रौशनने मान खाली घातली आणि चूक कुणाची, कशी, ते सगळे सांगितले.

पुढेही ती कुणी सांगण्याची वाट न पाहता काम अंगावर घेई. पण आधी खुर्चीतून उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलून. गाड्या पुन्हा कधी चुकल्या नाहीत.

बातिमा अपा त्याच वर्षी नऊ ऑक्टोबरला, बुधवारी सकाळी, दवाखान्यात वारल्या. त्या दिवशीही त्यांची गाडी वेळेवर पोचली होती.