पाच वेळा ‘वाईट’

मित्रांनो, मी एक तिसरा भाग आहे आणि आता बराच जुनाही झालो आहे. पंख असलेल्या पांढऱ्या घोडीची आणि तिला सांभाळणाऱ्या कुंभाराच्या मुलीची गोष्ट तीन जाड पुस्तकांत सांगितली आहे. त्यातला थोरला मजेशीर, मधला लांबलचक आणि मी धाकटा. गोष्ट संपवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. स्वभावाने मी भित्रा आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

भीतीची सुरुवात छापखान्यातच झाली. पाने शिवून झाल्यावर कडा सारख्या करण्यासाठी मला पात्याखाली ठेवले आणि ते पाते खाली आले. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नव्हते. बांधणी करणारा कारागीर शेजाऱ्याला म्हणाला, “हा शेवटचा भाग ना? याला वरून आणखी एक दोरा घाल. लोक शेवटच्या भागाला भिंतीवर आपटतात.” ते ऐकून माझी पाने थरथरली. शेजाऱ्याने मात्र खरेच आणखी एक दोरा घातला.

टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात माझी दोन वर्षे वाट पाहणे चालले होते. “तिसरा आला का हो?” असे विचारून लोकांनी ग्रंथपालबाईंना भंडावून सोडले होते. मी आलो तेव्हा त्यांनी मला टेबलावर उभे केले आणि ओरडून सांगितले, “आला एकदाचा! आता माझा जीव सोडा.” सगळे माझ्याकडे वळले. इतक्या लोकांची इतकी आशा एकदम अंगावर आली की मला धडकीच भरली, कारण माझ्या चारशे बाराव्या पानावर काय आहे हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होते. त्या पानावर घोडी मरते.

आमच्या वाचनालयात एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला असे. त्यावर तारीख, वाचक आणि अभिप्राय असे रकाने असत. मधल्याच्या कागदावर अभिप्रायाचा रकाना चांगला ऐसपैस होता. त्यात वाचकांनी एकमेकांना उत्तरे लिहिली, उत्तरांना प्रत्युत्तरे लिहिली आणि शेवटी एक दंतवैद्य व एक सुतार टेबलापाशी येऊन हमरीतुमरीवर आले. मुलीने घोडीला पुलावर एकटे सोडायला हवे होते की नको, एवढाच वाद होता. ग्रंथपालबाईंनी धडा घेतला आणि माझ्या कागदावर तो रकाना बोटभर ठेवला. “एक शब्द लिहायचा, फार तर दोन,” असे त्या प्रत्येकाला बजावत.

माझ्या पहिल्या वाचक म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकू. त्या दुपारी मशीन बंद ठेवून मला वाचत. पान चारशे पाच, चारशे आठ... जसजसे ते पान जवळ येई, तसतसा माझा जीव अर्धा होई. चारशे बारावर त्यांनी मला मिटले, चष्मा काढला आणि “मेल्याला काळीज आहे की नाही?” असे लेखकाला उद्देशून विचारले. मग पदराने डोळे पुसून त्यांनी रकान्यात लिहिले : ‘वाईट!’

इस्पितळातल्या परिचारिकेने लिहिले, ‘फार वाईट’. शाळेची बस चालवणाऱ्या काकांनी लिहिले, ‘शेवट वाईट’. सुताराने एकच शब्द कोरल्यासारखा लिहिला, ‘वाईटच’. दंतवैद्यांनी बारीक अक्षरात ‘वाईट’ लिहून खाली ‘शुद्धलेखन उत्तम’ अशी पुस्ती जोडली. मला तेव्हा त्या शब्दाची भीती वाटली नाही. या सगळ्यांचे नाक ओढणे मी जवळून ऐकले होते.

वर्षे गेली. नवी पुस्तके आली आणि आम्ही तिघे खालच्या फळीवर सरकलो. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब पूर्वी नट-बोल्टच्या कारखान्यात माल तपासत असत. माणूस सरळ आणि कामाचा. पण पुस्तके त्यांनी कधी वाचली नव्हती. भाराने फळ्या वाकल्या आहेत, पुस्तके कमी करा, असा वरून हुकूम आला, तेव्हा त्यांनी कारखान्यातला नियम इथे लावला. पाच ठिकाणी ‘वाईट’ असा शेरा असेल तर माल बाद.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली, माझा मागचा पुठ्ठा उघडला आणि एकेका ‘वाईट’खाली रेघ ओढली. पाच रेघा भरल्या. थोरला आणि मधला फळीवरच राहिले. मला मात्र मागच्या दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाकले. माझ्या शेजारी कवितांचे एक पातळ पुस्तक होते. त्याच्या कागदावर एकाच वाचकाचा एकच शब्द होता : ‘असह्य’. साहेब स्वतःशी म्हणाले होते, “हे तर एकातच पाच.”

रद्दीची गाडी चार वाजता यायची होती. ती नेते तिथे आम्हाला भिजवतात, दळतात आणि आमचा लगदा करतात, असे खोक्यातल्या एका जाडजूड कोशाने सांगितले. मी फार घाबरलो. मरणाला तर घाबरलोच, पण आणखी एक भीती होती. मधल्याच्या शेवटच्या ओळीत घोडी मुलीला पाठीवर घेऊन समुद्रावरून उडत निघते. मी नसलो तर ती उतरणार कुठे? माझ्यात ती मरते हे खरे, पण किनाऱ्याला पोचते तरी.

पावणेचारला शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. त्यांना मीच हवा होतो.

“तिसरा भाग कुठंय? माझी जाऊ मधला संपवत आलीय. एक पान राहिलंय तर तिनं मला पिटाळलं.”

“तो बाद झाला,” साहेब म्हणाले. “गाडीची वाट बघतोय.”

“बाद? का म्हणून?”

साहेबांनी मला खोक्यातून काढून लाल रेघा दाखवल्या. “पाच वाचक, पाचही म्हणतात वाईट. पहिला शेरा तर तुमचाच आहे.”

काकूंनी कपाळावर हात मारला. “अहो, वाईट म्हणजे वाईट नव्हे हो! वाईट वाटलं!”

“मग ‘वाटलं’ कुठे लिहिलंय?”

“कुठे लिहू? रकाना केवढासा, बघा की! शिवाय तुमच्या बाई ‘एक शब्द, एक शब्द’ म्हणून मागे लागलेल्या.”

“जे लिहिलंय तेच मी बघणार, बाई. मनातलं मला कसं दिसणार?”

खाली गाडीचा भोंगा वाजला. साहेब खोक्याकडे वळले. काकूंनी मला त्यांच्या हातातून ओढून घेतले आणि चारशे आठवे पान उघडून त्यांच्या पुढ्यात धरले. “पाच पानं. एवढी वाचा आणि मग खुशाल टाका गाडीत.”

साहेब उभ्या उभ्या वाचू लागले. कोण मुलगी, कुठली घोडी, त्यांना काही माहीत नव्हते. भोंगा पुन्हा वाजला. मी माझी अक्षरे जमतील तितकी ठळक धरून ठेवली. चारशे दहावर ते खुर्चीत बसले. चारशे बारावर त्यांचा अंगठा पानावर तसाच राहिला आणि बराच वेळ हलला नाही.

“मेली?” त्यांनी विचारले.

“मेली,” काकू म्हणाल्या.

साहेबांनी नाक पुसले, लाल पेन्सिल खिशात टाकली आणि मला काकूंच्या नावावर चढवले. इतक्यात गाडीचा माणूस वर आला आणि खोके उचलून घेऊन गेला. मी काकूंच्या काखेतून पाहत होतो. कवितांचे ते पातळ पुस्तक सगळ्यांत वर होते. ‘असह्य’ लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, हे सांगायला कुणी आले नाही. साहेब एकदम जिन्याकडे धावले, पण तोवर गाडी सुटली होती.

मित्रांनो, वाचलेले पुस्तक वाचतेच असे नाही. म्हणून आमच्याबद्दल लिहाल तेव्हा पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट लिहा. रकाना संपला तर कागदाच्या कडेने लिहा, आडवे लिहा, पण काय वाटले ते सांगा. आमच्या पोटात हजारो वाक्ये असतात, पण गाडी आली की त्यातले एकही आमच्या कामी येत नाही.