डोमाजीचा साडू

सेलूच्या बाजाररस्त्यावर डोमाजीचं बिछायत केंद्र आहे. त्याच्याकडचा मांडव, खुर्च्या आणि गंज-पातेली नेऊन तालुक्यातली निम्मी लग्नं लागली असतील. इतक्या लग्नांत वावरलेल्या माणसाला दोन गोड शब्दांत कोणालाही वाटेला लावता यायला हवं. पण डोमाजीला आपला सीए बदलायचा होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

सीए म्हणजे वर्ध्याचे देवतळे साहेब. डोमाजीकडे वीस खुर्च्या आणि एक फाटकी ताडपत्री होती, तेव्हापासून दुकानाचा नि घरचा कर तेच पाहत आले होते. सुरुवातीला फी विचारली की म्हणायचे, "आधी खुर्च्या वाढव." पुढे जिजाबाईचे, म्हणजे डोमाजीच्या बायकोचे, वडील गेले. ती एकुलती एक, म्हणून देवळीचं घर तिच्या नावावर यायचं होतं. ते कागदही साहेबांनीच मार्गी लावले. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सोडायचं?

पण साहेबांची आता पंच्याहत्तरी उलटली होती. मागच्या वर्षी जीएसटीचं रिटर्न भरायचंच राहिलं आणि नोटीस आली. यंदा डोमाजीचे कागद एका दातांच्या डॉक्टरच्या फाईलमध्ये निघाले. पुन्हा नोटीस आली, तेव्हा जिजाबाईचा धीर सुटला.

"अजी, जीव लावा त्यायले, पूजा करा त्यायची. पन हिशेब दुसऱ्याले द्या. दुकानाले कुलूप लागलं तर काय कराचं आपन?"

मग डोमाजीने सीए शोधायला घेतला, तो जावई शोधावा तसा. एकाची मोबाइलमधून मान वर निघेना. दुसऱ्याने "टर्नओव्हर किती?" एवढं विचारलं, पण बसा म्हणून म्हटलं नाही. शेवटी पिपरी मेघेत गुंजन मॅडम सापडल्या. वय तिशीच्या आतलं. आधी पाणी दिलं, मग नोटिसा वाचल्या आणि मग डोमाजीला चांगलं झापलं. "घरचा किराणा नि दुकानाचं डिझेल एकाच खात्यातून कसं काय, काका?" जो रागावतो त्याचं आपल्याकडे लक्ष असतं, अशी डोमाजीची पक्की समजूत. मन बसलं त्याचं.

"फक्त एक आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "आधीच्या सीएंना विचारल्याशिवाय मी काम घेत नाही. आमच्यात तशी रीत आहे. त्यांची हरकत नाही, असं पत्र आणा."

झालं! गुपचूप निसटायचा बेत बोंबलला. डोमाजी तसाच मोटरसायकलवर बसून साहेबांच्या ऑफिसात गेला. साहेबांनी चहा सांगितला. तो पिऊन झाला, तर साहेबांनी पुन्हा सांगितला. डोमाजी दोन्ही निमूट प्याला आणि सरळ सांगायचं सोडून भलतंच बोलून बसला.

"साहेब, माया साडूले सीए बदलवाचा आहे. पन जुन्या साहेबाले सांगाले त्याची जीभच रेटत नाई. काय करावं त्यानं?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "काऊन? तो सीए चोर आहे का?"

"राम राम! देवमाणूस आहे."

"मंग?"

"वय झालं त्यायचं. तारखा हुकतेत."

"हं. धंदा काय साडूचा?"

"बिछायतच."

"कधीपासून आहे त्या सीएकडे?"

"वीस खुर्च्या होत्या तवापासून," डोमाजी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

साहेब खणातून लेटरहेड काढून लिहायला लागले. ओळ उताराला लागली होती. मध्येच विचारलं, "नवीन कोण?"

"गुंजन मॅडम. पिपरी मेघेच्या."

"रागावते का?"

"लय."

"मंग बरी आहे."

सही करून, शिक्का मारून त्यांनी पत्र पुढे सरकवलं. त्यावर डोमाजीचं नाव होतं, बापाच्या नावासकट. खाली पॅन नंबर होता, कुठलीही फाईल न उघडता लिहिलेला. एक अक्षर चुकलं नव्हतं.

"साहेब, हे तर..."

"जिजाबाईले बहीण नाई, डोमा. तिच्या घराचे कागद मीच केलते. तू साडू कुठून आणला?"

डोमाजीला रडू आवरेना. एवढा बाप्या गडी, खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून लेकरासारखा रडला. साहेबांवर त्याचा किती जीव आहे, हे त्यालाही त्या दिवशीच कळलं. साहेब हळूच म्हणाले, "माझंही रिटर्न राह्यलं आहे रे. औंदा नाई, मागच्या साली नाई. कोणाले सांगू? आपल्याच धंद्यातल्या लोकायले कसं सांगावं?"

डोमाजीने डोळे पुसले. कपाटातून साहेबांची फाईल काढली, ती दातांच्या डॉक्टरची नाही ना, ते नीट पाहून घेतलं आणि साहेबांचा हात धरून त्यांना जिना उतरवला.

पिपरी मेघेत गुंजन मॅडमनी आधी दोघांना पाणी दिलं. मग म्हाताऱ्याकडे पाहून विचारलं, "काका, हे कोण?"

डोमाजी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब खुर्चीत सावरून बसले.

"मी यांचा साडू," ते म्हणाले. "मलेही सीए पाहिजे."