समोरची शाळा

"ओ साहेब, भोंगा घरी जाऊन वाजवा!" रस्त्याच्या मधोमध 'थांबा'ची पाटी उगारून ओडेसा पेटिग्रू ओरडली. "ही पोरं पलीकडे गेल्याशिवाय तुमची गाडी इंचभर हलायची नाही."

गाडी हलली नाही. लुईव्हिल शहरातल्या आमच्या, काळ्यांच्या पश्चिम भागात त्या पाटीपुढे ताठ राहिलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. कोपऱ्यावर माझं केस कापायचं दुकान आहे. एकोणीस वर्षं मी खिडकीतून हेच बघतो आहे. पिवळं जाकीट, पांढरे हातमोजे, आणि "सावकाश, बाळा" म्हणत ओडेसाने शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलेली दुसऱ्यांची पोरं.

दुसऱ्यांची म्हणतो, कारण तिचं घर शाळेच्या बरोबर समोर असूनही त्या घरातलं कुणी त्या शाळेत गेलेलं नाही. पंचाहत्तर साली कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवायचं ठरवलं, तेव्हा ओडेसा आणि मी सात वर्षांचे होतो. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून कुणी किती वर्षं बसने लांब जायचं ते ठरलं. गोऱ्यांच्या वाट्याला वर्ष-दोन वर्षं आली, आमच्या वाट्याला आठ-दहा; ओडेसाची आणि माझी समोरच्या शाळेतली सगळीच वर्षं त्यात गेली. झुंजूमुंजू झालं की आम्ही बसमध्ये चढायचो आणि तासाभराने गोऱ्यांच्या वस्तीत उतरायचो. पहिल्या आठवड्यात तिथल्या बायाबाप्यांनी आमच्यावर काय काय फेकलं ते सांगत बसत नाही. ओडेसा खिडकी धरायची आणि बस वळेपर्यंत मान वळवून समोरच्या शाळेकडे बघायची.

"घंटा झाली की उठायचं, बूट घालायचे आणि पळायचं," ती म्हणायची. "काय मजा असेल ना, लूशियस?"

पुढे वाटण्या बदलल्या, शेजारच्या काही पोरांना समोरची शाळा मिळाली, पण तिची मुलगीही बसनेच गेली. आता ती मुलगी कामासाठी इंडियानापोलिसला असते आणि नात नायला आजीकडे. नायलाची बस घराकडच्याच कोपऱ्यावरून सहा वाजून पाच मिनिटांनी, ओडेसाची ड्यूटी सातला. म्हणजे गावभरच्या पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईने स्वतःच्या नातीला एकदाही ओलांडून दिलेला नव्हता.

यंदा शिक्षण मंडळाने आमच्या भागाला मोकळीक दिली. सहावीपासून जवळची शाळा घ्या नाहीतर लांबची, तुमची मर्जी. माझ्या दुकानात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

"झालं! पुन्हा आपल्याला आपल्याच कोपऱ्यात कोंडणार," एक गिऱ्हाईक म्हणायचं. "गोऱ्यांनी टाकून दिलेली फाटकी पुस्तकं विसरलात वाटतं?"

"आणि गोऱ्यांच्या मांडीला मांडी लावल्याशिवाय आपल्या पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, हे कुणी ठरवलं?" दुसरा उसळायचा.

मी दुसऱ्याच्या बाजूचा. माझ्या हातात वस्तरा असल्यामुळे माझ्याशी फारसं कुणी वाद घालत नसे.

एका दुपारी ओडेसा फॉर्म नाचवत आत आली. इतक्या खुशीत मी तिला तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"भरला बाबा! ऑगस्टपासून माझी नात माझा हात धरून शाळेत जाणार."

"तिला विचारलंस?"

"अकरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? घर समोर, शाळा समोर."

तेवढ्यात दारात नायला. नुकतीच बसमधून उतरलेली, पाठीवर तिच्याएवढाच उंच चेलो, व्हायोलिनचा थोरला भाऊ. तिने फॉर्म पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, इथे चेलो शिकवत नाहीत."

"शिकवतील. मी भांडेन त्यांच्याशी."

"माझ्या मैत्रिणी तिकडे आहेत."

"इथे होतील नव्या. आणि तासभर जास्त झोपशील, वेडे."

"मला नाही झोपायचं!" नायला रडायलाच लागली. "तूच मला तिकडे पाठवलंस. पहिल्यांदा मी किती रडले होते, तेव्हा म्हणालीस, सवय होईल. झाली ना सवय! आता ती माझी शाळा आहे."

एरवी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा मी कात्री पुसत राहिलो. ओडेसाने फॉर्मची घडी घातली, नातीच्या पाठीवरचा चेलो स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दोघी घरी गेल्या.

शुक्रवारी शेवटची तारीख. ओडेसा आली, पेन मागितलं, माझ्या आरशाखालच्या फळीवर फॉर्म ठेवला आणि समोरच्या शाळेचं नाव खोडलं.

"पोरीच्या रडण्याला भुललीस?" मी चिडून म्हणालो. "अगं, जन्मभर याचीच वाट बघितलीस ना?"

"मी बघितली," ती म्हणाली. "त्या शाळेत मला जायचं होतं रे, लूशियस. तिला कुठे जायचंय?"

तिने लांबच्या शाळेचं नाव सावकाश, नीट अक्षरात लिहिलं. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी आणि, खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही. खिडकीतून बघणारी ती एकटीच होती थोडीच?

ऑगस्टमध्ये बसचे मार्ग बदलले. आमच्या कोपऱ्यावरचा थांबा गेला आणि नवा थांबा समोरच्या शाळेच्या फाटकाशी आला.

पहिल्या दिवशी सहाला मी दुकानासमोर झाडत होतो. ओडेसा घरातून निघाली ती पिवळं जाकीट, पांढरे हातमोजे घालून. ड्यूटीला तास बाकी होता. शेजारी नायला, पाठीवर चेलो.

रस्त्यावर कचऱ्याची एकच गाडी येत होती, तीही लांब होती. ओडेसा मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने पाटी वर धरली. गाडी थांबली.

"सावकाश, बाळा," ती म्हणाली.

नायलाने तिचा हात धरला. दोघी पलीकडे गेल्या, फाटकापर्यंत. बस आली. नायला चढली, खिडकीशी बसली आणि हात हलवला. आजीकडे बघून, शाळेकडे नाही.

बस वळून दिसेनाशी झाली. ओडेसा पुन्हा रस्त्याच्या मधोमध आली आणि तिथेच थांबली, पाटी वरच. पाठ माझ्याकडे होती, तोंड शाळेकडे.

कचरागाडीच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि तो थांबून राहिला.