केवळरामची माफी

“मावशी, तळ्यातले मासे जहरानं नव्हते मेले,” दामिनीनं दारातूनच सांगितलं.

रेवताबाई अंगणात फाटकं जाळं सांधत बसली होती. तिचा हात थांबला.

दामिनी भंडाऱ्याची, कॉलेजात संशोधन करणारी. मागच्या उन्हाळ्यात रेवताबाईच्याच डोंग्यातून तिनं तळ्याच्या मध्यावर नळी रुतवून तळाचा गाळ थरांसकट वर काढला होता.

“गाळात बारीक शेवाळ असते, डोळ्यानं न दिसणारं. ते मेलं तरी त्याचं काचेसारखं कवच राहते. चांगल्या पाण्यातलं वेगळं, नासक्या पाण्यातलं वेगळं. मासे मरायच्या कितीतरी आधीपासून नासक्या पाण्यातलंच वाढून राहिलं होतं. शेतातलं खत उतरून तळं आतून नासलं. मासे घुसमटूनच मेले असतील.”

रेवताबाईला रडू फुटलं. वीस वर्षांपूर्वी तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं, तेव्हा जहर टाकल्याचा आळ घालायला गावाला कोणीतरी हवा होता. तिचा नवरा केवळराम आदल्याच दिवशी मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाशी भांडला होता. झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी! समाजानं घर वाळीत टाकलं. लेकीचं, रंजूचं, ठरलेलं लग्न अडलं. तेव्हा केवळराम समाजापुढे उभा राहिला, न केलेला गुन्हा कबूल केला आणि एकेकाच्या पाया पडला. लग्न पार पडलं. घरी मात्र तो रोज विचारायचा, “मीनं नाही टाकलं, रेवता. तुले तरी पटते ना?” तिला पटत होतं. पण तिचं कोण ऐकणार?

ती पदरानं डोळे पुसत आत धावली.

“आयकलं का जी? तुमी नाही टाकलं जहर! या पोरीनं शोधून काढलं. आता साऱ्या गावाले सांगू!”

केवळराम खाटेवर उठून बसला. विसरण्याचं दुखणं लागल्यापासून त्याला रंजूचा चेहरासुद्धा ओळखू येत नव्हता. तिच्यामागून दारात आलेल्या अनोळखी बाईकडे तो पाहत राहिला. मग धडपडत उतरला आणि दामिनीच्या पायांशी वाकला.

“माफी द्या जी. तळ्यात जहर मीनंच टाकलं. माह्या पोरीचं लगन होऊ द्या.”

दामिनी घाबरून मागे सरली. रेवताबाईच्या काळजाला घरं पडली.

“नाही जी, तुमी नाही टाकलं! काहून असं म्हणता?” तिनं त्याचे खांदे धरले. तो तिच्याकडे वळला आणि तिच्याही पायांवर डोकं ठेवलं.

“माफी द्या बाई.”

ती उठवत होती, तो उठेना.

“देली माफी,” रेवताबाई म्हणाली. “उठा आता.”