बिनदिव्याची सायकल आणि हरिहरची थप्पड

हरिहर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पुन्हा नापास झाला, ही बातमी त्याच्या बायकोने, शामलाने, आमच्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात हसत हसत फोडली आणि हरिहरने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. बाडहूव्हडॉर्प या विमानतळाजवळच्या डच गावातल्या आमच्या घरावरून सारखी विमानं जातात, पण त्या क्षणी मेलं एकही गेलं नाही. आवाज स्वच्छ ऐकू आला.

खरं तर कोणीतरी हरिहरला दंडाला धरून बाहेर काढायला हवं होतं. पण हॉलमधले सगळे पुरुष कॉम्प्युटरवाले. त्यांनी मीटिंग घेतली.

माझा नवरा श्रीकांत टेस्टिंगमध्ये आहे. सॉफ्टवेअरमधला कुठला बग गंभीर, कुठला किरकोळ, कुठला सोडून द्यायचा, हे रोज सकाळी ठरवायचं, हेच त्याचं काम. तो म्हणाला, "आधी सिव्हेरिटी ठरवू."

"हे बघा," उल्हास म्हणाला. त्याने डचचा कोर्स केलाय, त्यामुळे आमच्या मंडळात त्याला वकिलाचा मान. "इथे गुन्हे दोन प्रकारचे. लहान तो ओव्हरट्रेडिंग. बिनदिव्याची सायकल वगैरे. दंड भरला की विषय संपला. मोठा तो मिसड्रैफ. त्याची नोंद राहते. इथे राहायचं परमिट रिन्यू करताना आडवी येऊ शकते."

हरिहरचा चेहरा पडला. बोटं शामलाच्या गालावर उमटली होती आणि ही माणसं बघत होती हरिहरच्या चेहऱ्याकडे! माझं डोकंच फिरलं. मी शामलाला स्वयंपाकघरात नेलं.

"मंजूषाताई, माझं परमिट त्याच्या परमिटवर आहे," ती म्हणाली. "पोलिसांत गेले तर मलाही परत पाठवतील. आणि नाही गेले तर..." तिने बाही वर केली. दंडावर पिवळा पडत चाललेला जुना डाग होता.

मला रडू फुटलं. तीच शांत होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दूध संपलंय ना? मी आणते."

फ्रिजमध्ये दूध होतं. मी म्हटलं, "संपलंय. माझी सायकल घे."

बाहेर संध्याकाळीच काळोख झाला होता आणि माझ्या सायकलचा दिवा दिवाळीपासून बंद होता. "या वीकेंडला नक्की," असं श्रीकांत दर वीकेंडला म्हणायचा.

मी चहा घेऊन गेले तेव्हा मीटिंग रंगात आली होती.

"रक्त आलं का? नाही," श्रीकांत म्हणाला. "याआधी कधी?"

"छे, आजच," हरिहर म्हणाला.

"मग झालं. एकदाच घडलं, पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो बग आम्ही बंद करतो. हरिहर, सॉरी म्हणून टाक."

"पण कायद्यात मारहाण मोठ्यातच येते," उल्हास चाचरत म्हणाला. "उलट बायकोला मारलं तर शिक्षा वाढते."

"वाढते?" हरिहर किंचाळला. "बायको असेल तर सूट पाहिजे ना!"

मी ट्रे आपटला. "पुन्हा घडवून बघायचंय? मार श्रीकांतच्या थोबाडीत. तो तुझी बायको नाही, शिक्षा कमी होईल."

चहाला कोणी हात लावला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दोन पोलीस. त्यातल्या उंच बाईंच्या हातात माझी सायकल, शेजारी शामला. बाई इंग्रजीत म्हणाल्या, ही बिनदिव्याची चालवत होती.

"ओव्हरट्रेडिंग!" उल्हासच्या जिवात जीव आला. "किरकोळ आहे!"

"दंड मी भरतो," हरिहर पुढे सरसावला. "मी तिचा नवरा."

"माझा दंड माझी मी भरेन," शामला म्हणाली. "कोपऱ्यावर पोलिसांची गाडी दिसली. आपणहून बोलायचा धीर होईना. म्हणून अंधारात त्यांच्यासमोरून फेऱ्या मारत बसले, थांबवेपर्यंत. थांबवल्यावर सगळं सांगितलं. मार खाणाऱ्या बायकोला स्वतःचं परमिट मागता येतं म्हणे, ताई."

पोलीसबाईंनी विचारलं, हिला मारताना कोणी पाहिलं?

सगळे तिळगुळाच्या ताटलीकडे बघू लागले. आता मात्र एक विमान गेलं, अगदी सावकाश.

"मी पाहिलं," मी म्हटलं आणि श्रीकांतकडे बघत उभी राहिले. तो काय म्हणेल याची इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. त्याने ऑफिसात करतात तसा हात वर केला.

"मीही," तो म्हणाला. "आणि ते किरकोळ नव्हतं."

हरिहरला ते घेऊन गेले. शामला आमच्याकडे राहिली. श्रीकांत कोणी न सांगता स्क्रू ड्रायव्हर घेऊन थंडीत सायकलपाशी उकिडवा बसला.

"नीट बसवा हं, भावोजी," दारातून शामला म्हणाली. "उद्या जबाब द्यायला जायचंय. उद्या मला कोणी अडवायला नको."