डिस्कवरची रिकामी जागा

आज इथे आपल्याला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही, हे धाकट्या जावेला कारखान्याच्या दारातच कळलं. थोरल्या दिरांनी दार उघडलं खरं, पण ते वाटेतून बाजूला झाले नाहीत. लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून ती अंग चोरून आत शिरली.

बाटल्यांची झाकणं, बटणं, खेळण्यांची चाकं असल्या प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणारा हा कारखाना दोघा भावांनी मिळून उभा केला होता. धाकटा ड्रॉइंग काढायचा, थोरला मशीनवर साचा कापायचा आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा. मग बिनसलं ते इतकं, की दोघांच्या मामांना मध्ये पडावं लागलं. कारखाना आणि मशीनं थोरल्याची, आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहे त्या सगळ्याची जशीच्या तशी नक्कल धाकट्याला, असा तोडगा निघाला. त्यासाठी मामांनी एक दिवस ठरवून दिला. धाकट्याने मात्र त्या जागेत पुन्हा पाय ठेवणार नाही असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, म्हणून बायको आली. एका कॉलेजातले कॉम्प्युटर तीच सांभाळायची, तेव्हा हे काम तिच्या हातचं होतं.

ऑफिस म्हणजे काचेचा एक खोका. पलीकडे मशीनं चालू होती आणि टेबलावरचे पेले सारखे थरथरत होते. दिरांनी खुर्ची ओढून तिच्या मागेच ठाण मांडलं. काही म्हणायचं असलं की ते कामगाराला हाक मारून तिला ऐकू जाईल असं बोलत. माणसं आपल्याच घरात चोरासारखी का येतात, असं त्यांनी एकदा त्याला विचारलं. तो बिचारा कान खाजवत निघून गेला.

फायली निवडत बसायचं नाही, अख्खी डिस्कच पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत उचलायची, असं तिने ठरवलं होतं. तिने आणलेली डिस्क इथल्या डिस्कपेक्षा लहान होती, म्हणून माल इथेच दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, केबलने लॅपटॉपवर घ्यायचा आणि तिथून आपल्या डिस्कवर उतरवायचा. तिने कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू केला, केबल जोडली, काम चालू केलं. आणि ते मुंगीच्या पावलांनी निघालं. या वेगाने दोन-तीन दिवस लागले असते.

दिरांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि मान हलवून ते परत टेकून बसले. त्यांचा चेहरा तिला आवडला नाही. यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार, हा संशय तिच्या मनात आधी आला. मग तिने स्वतःला आवरलं आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली. केबल बदलली, फरक नाही. डिस्कला हात न लावता नुसताच पोकळ माल केबलमधून पाठवून पाहिला, तो धाडधाड गेला. म्हणजे केबल निर्दोष. पुढे काहीच न पाठवता नुसती डिस्क वाचून पाहिली, तीही ठीक. मग राहिलं मधलं दाबणं. कॉम्प्युटर जुना, आणि तिने त्याला माल होता होईल तेवढा घट्ट दाबायला सांगितलं होतं. त्याचा प्रोसेसर त्यातच घामाघूम झाला होता, आणि डिस्क नि केबल दोन्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. चूक तिचीच होती.

तिने हलकं दाबायला सांगितलं. वेग एकदम वाढला. दिरांची खुर्ची करकरली.

निम्म्याच्या पुढे मात्र तिला पुन्हा खटकू लागलं. अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी असल्याचं कॉम्प्युटर सांगत होता. कोरी जागा दाबली की तिचं काही उरतच नाही, तेव्हा इथून पुढे तिच्या डिस्कवर फारसं काही साठायला नको होतं. पण भर पडतच होती, आधी पडत होती तशीच. तिने केबलकडे पाहिलं, प्रोसेसरकडे पाहिलं. तिथे सगळं ठीक होतं.

तेवढ्यात दीर फोन घेऊन बाहेर गेले. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. परत आले ते थेट तिच्यासमोर उभे राहिले आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले. आवाज जवळजवळ मऊ होता.

“आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, रिकाम्या जागेत आधी शून्यं भरून घ्या. मग झटपट होईल. तूही मोकळी, मीही मोकळा.”

सल्ला खोटा नव्हता. तिनेही कॉलेजात कितीदा तेच केलं होतं. शून्यं दाबली की नाहीशी होतात आणि काम पळत सुटतं. तिचा हात कीबोर्डवर गेलासुद्धा. पण सकाळपासून कुचेष्टा करणाऱ्या माणसाला आता आपली एवढी काळजी का, हे तिला उमगेना. शून्यं भरण्याऐवजी तिने त्या रिकाम्या जागेतला एक तुकडा उघडून पाहिला. अगम्य अक्षरांच्या गर्दीत मध्येच तिच्या नवऱ्याचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, कडी तुटणारं झाकण, सुधारित साचा. बाटली पहिल्यांदा उघडली की ज्याची खालची कडी तुटून सुटते आणि ज्याने कारखान्याला सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं, तेच हे झाकण. पुढचा तुकडाही नवऱ्याचाच, त्याच्या पुढचाही.

फाइल पुसली की फक्त तिचं नाव जातं. आतला मजकूर कोणी वर दुसरं काही लिहीपर्यंत तिथेच पडून राहतो. शून्यं भरली असती तर तो कायमचा गेला असता, आणि तेही तिच्याच हातून.

तिचे कान तापले. तरी तिने आवाज चढवला नाही.

“दादा, ही जागा रिकामी नाही,” ती म्हणाली. “तुम्ही रिकामी केलीय. मी शून्यं भरणार नाही. आहे तशी घेऊन जाणार.”

दिरांनी पंख्याचं बटण बंद केलं, मग पुन्हा चालू केलं. ते नाकारतील, ओरडतील, निदान मेन स्विचकडे हात नेतील, असं तिला वाटलं. त्यांना अडवायला ती खुर्चीतून अर्धी उठलीही होती. पण ते बसले.

“ते झाकण त्याने काढलं तसं साच्यातून कधी निघालंच नाही,” ते म्हणाले. “कडी तुटायचीच नाही. साचा घासून घासून मी ती जागेवर आणली, आणि त्याने माझी मापं उचलून ड्रॉइंगमध्ये घातली. नाव कोणाचं दिसतंय तुला?”

खरं असेलही. नवरा इतकी वर्षं त्या झाकणाबद्दल बोलत आला होता, त्यात दादांच्या हाताचा उल्लेख तिने कधी ऐकला नव्हता.

“मग हे मामांसमोर बोलायचं होतंत,” ती म्हणाली. “पुसायचं नव्हतं.”

“मामा तुमच्याच बाजूचे.”

काम किती झालं ते दाखवणारी रेघ स्क्रीनवर पुढे सरकत होती आणि दोघं तिच्याकडे बघत होती, वैऱ्यासारखी. दुपारी थोरली जाऊ डबा घेऊन आली. तिने दार लोटलं, आतली हवा ओळखली आणि डबा नवऱ्यापुढे ठेवून परत गेली. कारखाना बंद व्हायच्या जरा आधी काम पुरं झालं. धाकटीने नक्कल तपासली, डिस्क पिशवीत ठेवली आणि जाते म्हणाली. दीर टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, सगळं मिळालं का. मिळालं, ती म्हणाली. दादांनी काय काय पुसलं होतं तेही तिने सांगितलं. नवऱ्याने त्यांना अशा शिव्या घातल्या की तिने उठून खिडकी लावली.

पुसलेल्या फायली वर काढायला पुढचे काही दिवस गेले. त्यांची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते, म्हणून तो एकेक उघडून ओळखत बसे. झाकणाचं ड्रॉइंग सापडलं तेव्हा त्याने तिला हाक मारून दाखवलं. कडीची जाडी त्याने बोटाने दाखवली. इथेच सगळी मेख आहे म्हणाला, इथेच मला सुचलं.

तिने ते माप नीट पाहिलं. दादा काय म्हणाले ते तिच्या अगदी ओठांवर आलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आवरू लागली.