लोडरवरचा उतारा

गार्डन रीचच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी कामापेक्षा गर्दीच जास्त होती. कोलकात्यातली मराठी कुटुंबं सॉल्ट लेकहून मुद्दाम गाड्या करून आली होती, बायका जरीच्या साड्यांत. कशाला? तर माती उचलणाऱ्या एका बुटक्या लोडरच्या चाकांवर पट्टा चढताना बघायला. हसू नका. पट्टा उन्मेषनाथ महाराज चढवणार होते, मंत्रानं.

नदीकाठच्या गाळात नुसत्या टायरवर लोडर रुततो. म्हणून एका बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन्ही टायरांवरून मिळून एकच पोलादी पट्टा गुंडाळतात आणि त्याची टोकं पिनेनं जोडतात. ती टोकं काही केल्या जुळेनात. वीतभर कमीच पडायची. माझा नवरा श्रीकांत इथला मॅनेजर. त्यानं डोकं चालवायचं सोडून महाराजांना आमच्या घरी मुक्कामाला आणलं.

महाराजांचं निदान तयारच होतं. आपण मराठी माणसं खंडेनवमीला यंत्रं पुजतो, तुम्ही ती इथल्या लोकांबरोबर विश्वकर्मा पूजेला पुजलीत, आणि वर विधवेच्या हातून. यंत्र रुसलं. आता उतारा करायला हवा.

विधवा म्हणजे मंजुषा, इथली इंजिनिअर. पूजेच्या दिवशी बंगाली फिटरांनीच आरतीचं तबक तिच्या हातात दिलं होतं. उताऱ्याच्या आधी श्रीकांतनं तिला सगळ्यांदेखत शेडबाहेर जायला सांगितलं. उताऱ्यानं पट्टा बसला, तर तिनं ऑफिसात बसायचं, पुन्हा यंत्राला हात लावायचा नाही, हेही जाहीर केलं. ती दाराबाहेर उन्हात उभी राहिली. मी आत, नारळ-लिंबाचं ताट धरून. इतकी वर्षं घरात बुवाबाजीला नावं ठेवणारी मी, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मग झांजा सुरू झाल्या. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. महाराज नारळ ओवाळत घुमत होते, "उतर, काळे सावली, उतर! चाकावरून उतर, पट्ट्यावरून उतर, साहेबांच्या प्रमोशनवरून उतर!" शिष्य एकेका चाकाशी फतकल मारून अगदी निवांत कुंकू लावत होता. शेवटी महाराजांनी फिटरांना पट्टा ओढायला सांगितलं. टोकं जुळली, पिन सरकन आत गेली. बायकांनी डोळे पुसले. श्रीकांतनं तेलकट जमिनीवर लोटांगण घातलं.

महाराजांनी मशीन तसंच नदीवर न्यायला सांगितलं. ड्रायव्हर तपन चढून बसलासुद्धा. तेवढ्यात मंजुषा आत आली.

"तपनदा, मशीन हलवू नका."

महाराज तिच्यावर ओरडले. तिनं तिकडे बघितलंही नाही. चाकाशी वाकून तिनं हवा भरायच्या व्हॉल्व्हची टोपी काढली आणि सगळ्यांना दाखवलं. टोपीच्या आत, थेट व्हॉल्व्हच्या पिनेवर, कुंकू माखलेलं होतं. तिनं प्रेशर मोजलं. काटा जेमतेम हलला. दुसऱ्या चाकाचंही तेच. शिष्य आधी टायरच्या दुकानात कामाला होता आणि कुंकू लावता लावता त्यानंच ती पिन दाबून हवा सोडली, हे तपननं दरडावल्यावर त्यानं लगेच कबूल केलं. झांजांच्या दणदणाटात हवेची सूंसूं ऐकणार कोण?

"हवा कमी केली की टायर दबतो आणि पट्टा जुळतो," मंजुषा म्हणाली. "मग हवा परत भरायची, म्हणजे पट्टा ताठ होतो. नाही भरली तर वळताना तो निसटतो. नदीच्या काठावर निसटला असता तर तपनदा मशीनसकट पाण्यात गेले असते. हे मी सरांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही."

मला आठवलं. श्रीकांतनं ही गोष्ट जेवताना महाराजांना हसत हसत सांगितली होती: बाई म्हणतात, नव्या टायरची हवा काढा. महाराजांनी श्रीखंड चाटत विचारलं होतं, किती काढायची? वाढत मीच होते.

महाराज म्हणाले, हवा म्हणजे वायुदेवच की. मग चपला शोधायला लागले. मंजुषानं कॉम्प्रेसरनं हवा भरली, पट्टा ताठ झाला. पाहुणे एकमेकांची नजर चुकवत गाड्यांकडे निघाले.

श्रीकांत तिच्याजवळ जाऊन पुटपुटला, "मंजुषा, माझं चुकलं."

"हिंदीत सांगा, सर. मला बाहेर हिंदीत काढलंत, या सगळ्यांना कळावं म्हणून."

फिटर थांबून बघत होते. श्रीकांतनं मान खाली घालून हिंदीत सांगितलं.

लोकहो, यंत्राला कुणाचं कपाळ दिसत नाही. पट्टा बसत नसेल तर टायर बघा, हवा मोजा, ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. आणि देवाच्या नावानं कुणाला दाराबाहेर उभं करत असतील, तर हातातलं ताट तिथेच खाली ठेवा आणि बोला. माझ्या हातातलं ताट मी शेवटपर्यंत धरून उभी होते.